दादर ते परळ, विमानातून : या छपरांखाली कोण राहत होतं?

रुळांकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सोबतचा कृष्णधवल फोटो वडिलांच्या कागदपत्रांत निघाला. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. फोटोच्या मागे तारीख नाही, कुणाचं नाव नाही.

फोटोत काय आहे ते आधी सांगतो. वरच्या कडेला दादरचा टिळक पूल. खालच्या कडेला परळ आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) यांच्यावरून जाणारा पूल. मधून रुळांचे दोन पट्टे. डावीकडचा बीबीसीआयचा, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. उजवीकडचा जीआयपीचा, म्हणजे आजची मध्य. दादरला दोन्ही जवळजवळ खेटून आहेत. उजव्या पट्ट्याला लागून, परळच्या वर, लांबच लांब शेडी दिसतात. ते वर्कशॉप. बाकी सगळीकडे गिरण्यांची करवती छपरं, त्यांची चौकोनी तळी, चिमण्या आणि चाळींची कौलं.

गिरणगावावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच वस्तीत दुसरी एक कामगार दुनिया होती, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ती गाडी चालू ठेवायला इंजिन दुरुस्त करणारे हात लागतात. भायखळ्याचं जुनं वर्कशॉप अपुरं पडायला लागल्यावर जीआयपीने १८७९ मध्ये परळला वर्कशॉप उभारलं. त्याच दशकात बीबीसीआयने लोअर परळला आपलं वर्कशॉप काढलं. डब्यांसाठी १९१५ मध्ये माटुंग्याचं आलं. एवढ्याशा टापूत रेल्वेची तीन मोठी वर्कशॉपं! खलाशी (म्हणजे वर्कशॉपातले मदतनीस), फिटर, लोहार, बॉयलरवाले, रंगारी, सुतार, केबिनमन, पॉइंट्समन ही सगळी माणसं कुठेतरी राहत होतीच ना? गिरणीतल्या माणसाला साहित्यात जागा मिळाली, मोर्च्यांत मिळाली, ५८ नंबरच्या नियमावरून (गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं ते ठरवणारा नियम) कोर्टातही मिळाली. रेल्वेचा माणूस मात्र निवृत्त झाला, क्वार्टर सोडून डोंबिवलीला नाहीतर गावी गेला आणि त्याची वस्ती विस्मरणात गेली.

मला या फोटोतली छपरं ओळखून हवी आहेत. मी सोयीसाठी १ ते ३२ आकडे टाकलेत. ज्यांचं बालपण या पट्ट्यात गेलं त्यांनी आकडा सांगून लिहावं. घरी कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना फोटो जरूर दाखवा. पुढच्या दहा वर्षांत हे सांगणारं कुणी उरणार नाही, म्हणून आत्ता विचारतोय.

नकाशेवेडा

अप्रतिम फोटो. तारीख नसली तरी फोटो स्वतःच बरंच सांगतोय.

टिळक पूल आहे, म्हणजे १९२५ नंतरचा. दोन्ही मार्गांवर विजेच्या तारांचे खांब दिसतात. जीआयपीवर विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली, ती बोरीबंदर ते कुर्ला आणि तीही हार्बरवरून. बीबीसीआयवर कुलाबा ते बोरिवली जानेवारी १९२८ मध्ये. म्हणजे फोटो १९२८ च्या अलीकडचा. आता खाली उजव्या कोपऱ्यात बघा. केईएमच्या जवळ एक उंच इमारत आहे, तिची सावली शेजारच्या छपरांवर पडलीय. ते टाटा हॉस्पिटल, १९४१ चं.

दुसऱ्या टोकाने यायचं तर दादर टीटीला सर्कलपाशी ट्रामचे रूळ आहेत आणि वळणावर एक ट्राम उभी आहे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. (दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. आज बसवाले दिवसभर ते नाव पुकारतात, ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे परळ सोडून दादरकडे निघालेली लोकल मोठी करून डबे मोजा. आठ भरतात. मेन लाइनवर नऊ डब्यांच्या गाड्या १९६१ मध्ये आल्या. त्यामुळे माझ्या हिशेबाने फोटो १९४१ ते १९६१ मधला.

ऋतूही कळतो. गिरणीच्या करवती छपराची काचेची उभी बाजू नेहमी उत्तरेकडे असते, म्हणजे सुतावर थेट ऊन पडत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. त्यावरून दिशा पक्की झाली. चिमण्यांच्या सावल्या लांब आहेत आणि वायव्येला गेल्यात, म्हणजे सूर्य आग्नेयेला. ही हिवाळ्यातली सकाळ. मेच्या मध्यात असता तर मुंबईत दुपारी सावली पायाखालीच असते.

बिल्ला_नंबर

मी परळ वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझे वडीलही तिथेच. नातवाने हा धागा वाचून दाखवला, उत्तर मी सांगतोय आणि तो टंकतोय.

फोटोतली छपरं वाचायची एक रीत आहे. जिथे छपराच्या माथ्यावर आणखी एक उचललेली पट्टी दिसते तिथे भट्टी होती. लोहारखाना किंवा फाउंड्री. धूर आणि उष्णता वरून निघून जावी म्हणून तसं छप्पर करत. जिथे काचांच्या रांगा आहेत तिथे लेथ आणि मशीनं, कारण मापाचं काम उजेडाशिवाय होत नाही. आणि सगळ्यांत उंच, सगळ्यांत लांब शेड असते तो इरेक्टिंग शॉप, म्हणजे इंजिन सुटं करून परत जोडायची जागा. क्रेनने एक इंजिन उचलून दुसऱ्या उभ्या इंजिनाच्या डोक्यावरून न्यायचं असतं, मग छप्पर तेवढं उंच हवंच. तुमचा ११ नंबर तो असणार.

वाफेचं इंजिन ओव्हरहॉलिंगला आलं की त्याचं काहीच शिल्लक ठेवत नसत. बॉयलर उचलून एकीकडे, चाकं काढून दुसरीकडे, सांगाडा तिसरीकडे. बॉयलरच्या पोटात शिरून आतून रिव्हेटच्या मागे टेका धरणाऱ्यांना पुढे ऐकू येईनासं व्हायचं. आमच्या चाळीत असे दोघेतिघे होते. त्यांच्याशी बोलताना सगळे आपोआप मोठ्याने बोलायचे आणि तीच सवय पोरांना लागली. बॉयलरवाल्यांच्या घरची मुलं आवाजावरून ओळखू यायची.

गेटवर पितळी बिल्ला असायचा. आत जाताना आपल्या नंबरचा बिल्ला उचलायचा, आपल्या शॉपमधल्या फळीवर टांगायचा. भोंगा वाजून फळी बंद झाली की त्या दिवसाचा पगार गेला. वडिलांचा बिल्ला हाताळून हाताळून इतका गुळगुळीत झाला होता की आकडा डोळ्यांना दिसायचा नाही, अंगठ्याने चाचपून कळायचा.

खंडेनवमीला मात्र घरच्यांना आत सोडत. लेथना झेंडूचे हार, क्रेनला आंब्याचे टाळे. माझ्या आईने वडिलांचं काम बघितलं ते वर्षातून त्या एका दिवशी.

नायगावची_माई

फोटोत आमच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी किती ठळक दिसतात! नायगावला एकूण ४२, सगळ्या शहरात मिळून २०७. वरून बघताना एकसारख्या, पण आम्ही आंधळेपणानेसुद्धा आपली चाळ ओळखली असती. तळमजला अधिक तीन, मजल्याला वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची.

माझ्या नवऱ्याची नोकरी रेल्वेत, दिरांची गिरणीत. त्यामुळे घरात दोन भोंग्यांचं वेळापत्रक चालायचं. गिरणीवाल्याला तीन पाळ्या, रेल्वेवाल्याला सकाळ ते संध्याकाळ. एक जेवायला बसला की दुसरा झोपलेला. गॅलरी होती म्हणून संसार झाले.

रुळांच्या कडेला तुम्ही १९ नंबर टाकलाय, तिथे काळसर डाग दिसतो बघा. ती राख. इंजिनाच्या भट्टीतली राख तिथे टाकत आणि तिच्यात अर्धवट जळलेला कोळसा असायचा. आम्ही बायका पहाटे चाळण आणि घमेलं घेऊन जायचो. बारीक राख खाली गळायची, वर राहायचे ते करड्या रंगाचे हलके खडे. ते शेगडीत पटकन पेटत नसत, पण एकदा धरले की भाकऱ्या होऊन वर आमटी उकळेपर्यंत धग टिकायची. विकतच्या कोळशाचे पैसे वाचायचे. हाताच्या भेगांत राख बसायची, ती मात्र खोबरेल लावल्याशिवाय निघत नसे. कपडे वाळत घालताना आधी वारा कुठला ते बघायचं. रुळांकडून वारा असेल तर पांढरं कापड घरात.

शेजारच्या बाई खाणावळ चालवायच्या. गाळ्यात राहणारे एकटे पुरुष दोन वेळ जेवायला येत, हिशेब पगाराला. संप झाला की खाणावळवालीचंही कंबरडं मोडायचं आणि तिचं नाव कुठल्याच यादीत नसायचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा या बायकांना बँकेचं कर्ज म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. विमानातून हे काही दिसणार नाही, पण त्या प्रत्येक कौलाखाली एखादी तरी खाणावळ होती असं धरून चाला.

चहाबिस्कीट

+१. वाचनखूण साठवली. माई, अजून लिहा ना. राखेचं आजीकडून ऐकलं होतं, ती आता नाही.

गुहागरचा

माझे आजोबा लोअर परळला सुतार होते, डब्यांची लाकडी बाकं करायचे. रेल्वेच्या माणसाला पास मिळतो याचा सगळ्या गावाला हेवा. पण त्या पासावर गावी जाता येत नव्हतं, कारण कोकणात रेल्वेच नव्हती! अख्ख्या देशात फुकट फिरायची सोय आणि शिमग्याला घरी जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट, नंतरच्या काळात एसटी. आजोबा पासावर काशीला जाऊन आले, रामेश्वरला जाऊन आले. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला, तोवर आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

वर्कशॉपांत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले एवढे लोक होते, तरी त्यांच्या गावापर्यंत रूळ पोचायला स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं लागली. हे मला आजही सलतं.

लालबाग_पेरू_चाळ

धागा उत्तम, पण धागाकर्त्यांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. रेल्वेची दुनिया आणि गिरणीची दुनिया वेगळी नव्हती. माईंनी लिहिलंच आहे, एका खोलीत दोन्ही. आमच्याकडे तर गावावरून पोरगा आला की आधी गिरणीत बदली कामगार म्हणून लावायचं आणि रेल्वेत खलाशाची भरती निघेपर्यंत थांबायचं अशीच पद्धत. भजनी मंडळ एक, व्यायामशाळा एक, गणपती एक. मे १९७४ मध्ये रेल्वेचा संप झाला तेव्हा ८ तारखेपासून वीस दिवस आमच्या घरी काकांचा पगार थांबला आणि किराणा आला तो वडिलांच्या गिरणीच्या पगारातून. १९८२ ला गिरण्या बंद पडल्या तेव्हा उलटं झालं, काकांच्या रेल्वेच्या पगारावर दोन बिऱ्हाडं जगली. दोघांना वेगळं काढलं तर ही गोष्टच कळत नाही.

रुळांकाठचा (धागाकर्ता)

लालबाग, तुमचं म्हणणं संसारापुरतं शंभर टक्के खरं. माझा मुद्दा नोंदींचा आहे. गिरण्यांच्या जागांवरून भांडण झालं म्हणून त्यांचे नकाशे, याद्या, आठवणी गोळा झाल्या. वर्कशॉपं चालूच राहिली, म्हणून कुणाला नोंद करावीशी वाटली नाही. बंद पडलेल्याचं स्मारक होतं, चालू असलेल्याचं होत नाही. १९८२ च्या संपात रेल्वेच्या पगारावर किती घरं तगली हे तुमच्याकडून मी पहिल्यांदा ऐकलं, यातच सगळं आलं.

फोटो रोज बघताना माझं लक्ष आता छपरांवरून पुलांवर गेलंय. रुळांचे दोन पट्टे मधे असल्याने या वस्तीचे तीन भाग पडतात: पूर्व, पश्चिम आणि मधली चिंचोळी पट्टी. दादरच्या बाजूने बघितलं तर रूळ वेणीच्या पेडांसारखे एकत्र येतात आणि परळकडे सुटत जातात. आणि एवढ्या रुंदीवरून पलीकडे जायला काय? एक टिळक पूल, एक परळचा पूल आणि स्टेशनांवरचे अरुंद पादचारी पूल. बस्स.

त्या काळी हे पुरत होतं, कारण माणूस जिथे राबायचा तिथेच राहायचा. गिरणीचा कामगार आणि वर्कशॉपचा फिटर चालत कामावर जात होते. परळ किंवा एल्फिन्स्टन स्टेशनवर हजारो लोक एका वेळी उतरत नव्हते. मग गिरण्या गेल्या. २००१ मध्ये ५८ नंबरच्या नियमात बदल झाला, त्यानंतर एल्फिन्स्टन, ज्युपिटर या गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. तिथे काम करणारे विरार, कल्याण, पनवेलहून येतात. वस्ती चालणाऱ्यांची होती, ती उतरणाऱ्यांची झाली, आणि जिने तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पावसात एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्या दिवशी अफवेची, पावसाची, घसरण्याची चर्चा झाली. हा फोटो आणि आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा, छपरं सगळी बदललीत आणि ओलांडायच्या जागा जवळपास त्याच. मला कारण तिथे दिसतं. लष्कराने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पादचारी पूल करून दिला, तो शंभर दिवसांच्या आसपास उभा राहू शकला, म्हणजे आधीही राहू शकला असता.

फोटोतला खालचा मोठा पूल, शंभरी ओलांडलेला, सप्टेंबर २०२५ मध्ये वाहतुकीला बंद झाला. शिवडी-वरळी मार्गासाठी तिथे दुमजली पूल व्हायचाय.

नकाशेवेडा

पुलांबद्दल पूर्ण सहमत. त्यात भर म्हणून: दादरला दोन रेल्वेंची दोन स्वतंत्र स्टेशनं आहेत हे फोटोत स्पष्ट दिसतं, फलाटांच्या छपरांची ठेवणसुद्धा वेगळी आहे. एकाच आवारात दोन "एक नंबर" फलाट, त्यामुळे दादरला कितीतरी पिढ्यांनी गाड्या चुकवल्या. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग आकडे झाले. जुनी माणसं आठवण सांगताना "दादरचा एक नंबर" म्हणाली तर कुठल्या लाइनचा ते आवर्जून विचारा, नाहीतर नकाशावर खूण भलतीकडे पडेल.

भुसावळी

आमचं गाव तर अख्खं रेल्वेचं. यार्ड, शेड, क्वार्टर, इन्स्टिट्यूट, सगळं. असा धागा भुसावळवर काढायची फार इच्छा आहे, पण विमानातला फोटो कुठून आणायचा? आमच्याकडे तर कुणाच्या कपाटातून निघालेला नाही.

नकाशेवेडा

भुसावळी, विमानातला नसला तरी आभाळातला मिळू शकेल. अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना नावाचे हेरगिरीचे उपग्रह सोडले होते. फिल्मवर फोटो काढायचे, फिल्मची कुपी पॅराशूटने खाली सोडायची आणि ती हवेतच विमानाने झेलायची अशी पद्धत. १९९५ मध्ये ते फोटो खुले केले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर गाव शोधून बघता येतात. आधीच स्कॅन झालेली फिल्म फुकट उतरवता येते, नसेल तर पैसे भरून स्कॅन करून घ्यावी लागते.

शेवटच्या वर्षांतले निवडा, त्यांत साधारण १.८ मीटरपर्यंतचा तपशील येतो. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो, म्हणजे डबे मोजता येणार नाहीत, गाडी नुसती रेघ दिसेल. पण शेडी, क्वार्टरच्या रांगा, इंजिन फिरवायच्या टर्नटेबलचा गोल, कोळशाचे ढीग हे ओळखू येतं. हिवाळ्यातली तारीख घ्या. पावसाळ्यात ढग आणि भर उन्हाळ्यात सावल्या नसल्याने उंची कळत नाही.

बिल्ला_नंबर

भुसावळच्या भाऊंना माझं एक सांगणं. म्हाताऱ्यांना फोटो मोबाइलवर दाखवू नका. मोठ्या कागदावर छापून टेबलावर पसरा आणि एकट्याला नको, दोघातिघांना एकत्र बसवा. एक म्हणेल हा पंपहाऊस, दुसरा म्हणेल छे, पंपहाऊस अलीकडे होता. त्या वादातून खरं निघतं. परवा आम्ही चौघे बसलो होतो. ११ नंबर इरेक्टिंग शॉप यावर सगळ्यांचं एकमत आहे. १४ नंबर लोहारखाना. १६ आणि १७ वर अजून वाद चालू आहे, एक जण पेंट शॉप म्हणतो, मी स्टोअर म्हणतो. आमच्यातले एक बॉयलर शॉपवाले सायनला मुलीकडे असतात, रविवारी त्यांच्याकडे जाणार आहोत. धागाकर्त्यांनी जमलं तर उजव्या बाजूचा तुकडा आणखी मोठा करून टाकावा, गेटापासून भिंतीपर्यंतचा. बिल्ल्याची (टोकनची) खिडकी नेमकी कुठे होती ते दाखवता येईल.

रुळांकाठचा (धागाकर्ता)

काका, तो तुकडा आज रात्रीच मोठा करून टाकतो. आणि हरकत नसेल तर रविवारी सायनला मीही येतो, छापलेली प्रत घेऊन.